अभिप्रायाचा कागद

त्या लायब्ररीत प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असे. पुस्तक परत करताना वाचकाने त्यावर आपला सभासद क्रमांक टाकून दोन ओळी लिहायच्या. थोरामोठ्यांच्या चरित्रांचे कागद वर्षानुवर्षं कोरेच राहत. एका कादंबरीचा कागद मात्र बघता बघता भरून जाई. छोट्या गावातली हलकीफुलकी प्रेमकथा होती ती. नायक घड्याळं दुरुस्त करणारा, नायिका पोस्टात कामाला. तिचं घड्याळ दर आठ दिवसांनी बंद पडे, आणि ते का बंद पडतं हे त्या भल्या माणसाला सोडून अख्ख्या गावाला ठाऊक.

वाचक हसत आणि चिडत. 'नायकाच्या डोक्यात घड्याळाचे स्क्रू भरले आहेत काय?' असं एकाने विचारलं होतं. त्याखाली दुसऱ्याने, 'त्याला का बोल लावता? पोस्टातल्या बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली आहे.' लायब्ररीवाल्या बाईंची वहिनी तर दर पावसाळ्यात पुस्तक नव्याने वाचायची आणि दरवेळी लिहायची, 'या मुलीला दोन दिवस माझ्याकडे पाठवा.'

बाई पन्नाशीच्या. भावाच्या घरी राहायच्या, लग्न राहून गेलेलं. का राहिलं, हे विचारायचा लोकांना आता कंटाळा आला होता. लायब्ररीत त्यांचा शब्द शेवटचा. पुस्तकात पानाचा कोपरा दुमडलेला सापडला तर भल्याभल्यांची त्या बिनपाण्याने करत. पण दर दोन महिन्यांनी बाइंडर फाटकी पुस्तकं न्यायला आला, की त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा.

बाइंडर विधुर होता. सायकलला पुस्तकांचा गठ्ठा बांधून यायचा, हाताला खळीचा वास. कादंबरी त्याने आयुष्यात वाचली नव्हती, अभिप्रायांचे कागद मात्र तो चवीने वाचायचा. भरलेला कागद काढून नवा चिकटवायचं काम त्याचंच होतं. पुस्तकं परत आणली, की बाकावर बसून सांगायचा, "बाई, या खेपेला एकाने काय लिहिलंय, ऐका तरी." मग दोघं हसायची. चहा निवून जायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि बाईंना ते पुरत होतं, निदान त्या स्वतःला तसं सांगत होत्या.

मग एक दिवस तो म्हणाला, "मुलगी ऐकत नाही. दुकान आवरून माझ्याकडेच राहायला या, म्हणते. ही शेवटची खेप समजा."

"बरंच झालं की," असं बाई म्हणाल्या. आता याला काय म्हणावं!

गठ्ठ्यात ती कादंबरी होतीच, चौथ्यांदा खिळखिळी झालेली. तिच्या कागदावर तळाशी बोटभर जागा उरली होती. बाइंडर खाली सायकल सरळ करत होता तेवढ्यात बाईंनी पेन काढलं आणि लिहिलं, 'नायिकेचं मला कळतं. अकरा वर्षं मीही तेच करते आहे. तुम्ही जाऊ नये असं वाटतं.' क्रमांकाची जागा कोरी ठेवली. त्यांचं अक्षर तो ओळखत होता; पुस्तकांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या होत्या. कागद काढण्याआधी तो वाचणार, यात शंकाच नव्हती.

पुढचे बारा दिवस बाईंचा जीव टांगणीला लागला. तारखेचा शिक्का दोनदा उलटा मारला. वहिनी म्हणाली, "वन्सं, आमटीत मीठ दोनदा पडलंय. लक्ष कुठाय तुमचं?"

तेराव्या दिवशी तो आला. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि नेहमीच्या बाकावर बसला. कादंबरीला निळं कापड लावलं होतं. शेवटी नवा, पांढरा स्वच्छ कागद.

"या खेपेला काय लिहिलंय लोकांनी?" बाईंनी विचारलं.

"वाचायला सवड कुठली हो! आवराआवरीत चष्मासुद्धा कुठल्या खोक्यात गेला देव जाणे. अंदाजानेच काम उरकलं."

"आणि जुना कागद?"

"पुस्तकाच्या पाठीला आतून लावला. वर पुठ्ठा, वर कापड. चांगला जाड कागद, वाया कशाला घालवायचा? आता वीस वर्षं शिवण हलायची नाही."

"काढता येईल?"

"सगळं फाडावं लागेल." त्याने मान वर केली. "का हो? काही महत्त्वाचं होतं का त्यावर?"

तो खरंच थांबला होता. बाईंकडेच बघत होता. एवढी वाट तर कादंबरीतल्या नायकानेही कधी पाहिली नव्हती.

"छे," बाई म्हणाल्या. "लोकांचं नेहमीचंच."

तो उठला. दारापर्यंत जाऊन परत वळला. "इतकी वर्षं विचारीन म्हणतोय. ती पोस्टातली, शेवटी सांगते का त्याला?"

"सांगते. शेवटच्या पानावर."

"मग एवढी पानं कशाला लागली?" तो हसला, चपला घातल्या आणि गेला. सायकलची घंटा कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

निळ्या पुस्तकाच्या पाठीवरून बाईंनी बोट फिरवलं. शिवण खरोखरच पक्की होती. मग नव्या कागदावर, अगदी वर, त्यांनी लिहिलं, 'पानं फार लागली.'

ते पुस्तक सगळ्यात आधी वहिनीने नेलं. आठ दिवसांनी आणून दिलं, तेव्हा कागदावर ती एकच ओळ होती. वहिनीने खाली काहीही लिहिलं नव्हतं. नणंदेचं अक्षर तिलाही कळत होतं. ती टेबलापाशी उभी राहिली, बाई कुलूप लावेपर्यंत थांबली, आणि त्यांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेऊन त्यांच्याबरोबर घरी चालत गेली.