चौतिसांतून नऊ

पहिली यादी मी केली आणि ती साफ चुकली. चौतीस अमेरिकन कॉलेजं, नामांकित ते कमी नामांकित अशी वरून खाली उतरत गेलेली, प्रत्येकापुढे मागच्या वर्षी तिथे घेतलेल्या मुलांचे गुण. इथे परदेशात, तुआसच्या जहाजदुरुस्ती यार्डातल्या माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सुरू केली आणि आठवड्याभरात पुरी केली. हिरवा, पिवळा, लाल असे रंगही भरले. मुलीने लॅपटॉप जवळ ओढून ती एकदा वाचली आणि म्हणाली, "आई, हे काय आहे?"

मला वाटलं होतं, कौतुक करेल.

ही चूक आमच्याच लोकांकडून होते, म्हणून कुठून आली ते सांगते. माझं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन नव्वदच्या दशकात पुण्यात झालं. एका हॉलमध्ये शेकडो मुलं आणि त्यांचे वडील बसलेले. गुणवत्ता यादीतला नंबर पुकारला की टेबलापाशी जायचं. फळ्यावर उरलेल्या जागा लिहिलेल्या असायच्या, त्यातली एक तिथल्या तिथे सांगायची. माझा नंबर आला तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स संपलं होतं. मेकॅनिकल शिल्लक होतं, मी मेकॅनिकल म्हटलं. तुला काय करायचंय, असं कुणी विचारलं नाही आणि मलाही तो प्रश्न सुचला नाही. पुढे तो हॉल गेला, सगळं कॉम्प्युटरवर आलं, माझ्या भाच्याने तर घरबसल्या शंभरेक पर्याय पसंतीक्रमाने भरले. पण डोक्यातला हिशेब तोच. वर स्वप्न, खाली खात्रीचं, मधे कटऑफ बघत उतरायचं. पर्याय जास्त भरले म्हणून काही बिघडत नाही. मी तेच अमेरिकेला लावलं.

अमेरिकेत कटऑफ नसतो. तिथलं प्रत्येक कॉलेज अर्ज स्वतंत्रपणे वाचतं, बरीचशी वेगळा निबंध मागतात, आणि ज्या पोर्टलवरून अर्ज जातात ते वीसच्या वर कॉलेजं घेतच नाही. हे सगळं मुलीने मला न चिडता सांगितलं. मग म्हणाली, "अँड हिस्टरी कुठाय?"

यादीत विषयाचा रकानाच नव्हता.

तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्याआधी चार वर्षं इतिहास शिकायचा होता. दोन्ही. एकाच्या बदल्यात दुसरं नको होतं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी ती इथल्याच सेंट जॉन्स बेटाच्या जुन्या नोंदी वाचायला लागली होती. बोटींवरून येणाऱ्या आजारी माणसांना एके काळी त्या बेटावर वेगळं ठेवत. कोणाला किती दिवस ठेवलं, कोणाचं नाव लिहिलं आणि कोणाला नुसता आकडा दिला, हे शोधता शोधता तिला वाटायला लागलं की डॉक्टर होणाऱ्याने हे आधी वाचलं पाहिजे. इथे काय किंवा भारतात काय, बारावीनंतर सरळ मेडिसिनला जायचं आणि इतिहास विसरायचा. अमेरिकेत मेडिकल पदवीनंतर असतं. पदवी कशातही घ्या, फक्त केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स असे ठरलेले विषय सोबत पुरे करा. त्याला प्रीमेड म्हणतात. तो रस्ता तिने स्वतः शोधला होता.

आमच्या गोतावळ्याला तो पटला नाही. इथल्या ईस्ट कोस्टला, समुद्राकाठच्या बागेत, महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही पाचसहा मराठी कुटुंबं जमतो. चटया टाकतो, कुणी मटकीची उसळ आणतं, कुणी हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांतून काडीवर भाजलेलं साटे. त्यात रॅफल्स प्लेसच्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ आहेत. मुलीचं ऐकून ते म्हणाले, "इतिहास शिकून डॉक्टर? पेशंटला काय पानिपत सांगणार?"

सगळे हसले. मुलगीही हसली, पण तिने ताटलीतलं साटे खाली ठेवलं.

मी म्हटलं, "सांगू दे की. कुठे चुकलं हे विचारायची सवय तरी लागेल. बँकेतही उपयोगी पडते ती."

हे ऐकूनही काही जण हसले. त्या बँकवाल्या गृहस्थांच्या बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, की तिला सायन्समध्ये मार्क कमी आहेत का, म्हणजे इतिहास त्यामुळे का. मी सांगितलं, केमिस्ट्रीत ती वर्गात दुसरी आहे. तेव्हा त्यांना आणखीच वाईट वाटलं.

घरी आल्यावर ती चौतिसांची यादी मी पुसली आणि मला येतं ते करायला बसले. मी जहाजदुरुस्तीच्या यार्डात प्लॅनिंग बघते. जहाज गोदीत यायच्या आधी दहा कंत्राटदारांना एकसारखी प्रश्नावली पाठवते. कोण मोठा आहे हे मी विचारत नाही, ते त्यांच्या माहितीपत्रकात असतंच. किती कामं हातात घेतली, किती वेळेवर पुरी झाली, आणि जी झाली नाहीत त्यांचं काय झालं, एवढंच विचारते. उत्तर देताना कोण घुटमळतो त्यावरून अर्धा निर्णय होतो.

मुलीला म्हटलं, त्याच चौतीस कॉलेजांनाही असंच लिहू. चार प्रश्न ठरवले. इतिहासात पदवी घेणाऱ्याला प्रयोगशाळेच्या विषयांत जागा मिळते, की ती आधी सायन्सवाल्यांना जाते? पहिल्या वर्षी प्रीमेड म्हणून सुरू करणाऱ्या मुलांपैकी किती जणं शेवटी मेडिकलला अर्ज करतात? मेडिकलच्या अर्जासाठी कॉलेज शिफारसपत्र सगळ्यांना देतं, की निवडक मुलांनाच? आणि परदेशी मुलांना आर्थिक मदत मिळते का?

तिसरा प्रश्न मला उशिरा कळला, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच निघाला. काही कॉलेजं मोठ्या अभिमानाने सांगतात की आमच्याकडून अर्ज करणारी जवळजवळ सगळी मुलं मेडिकलला लागतात. खरंच लागतात. कारण ज्यांच्याबद्दल खात्री नाही त्यांना ती शिफारसपत्रच देत नाहीत. दुबळी जहाजं बंदराबाहेर सोडायचीच नाहीत आणि मग म्हणायचं, आमचं एकही बुडत नाही.

पत्रं मुलीने लिहिली, भाषा मी कापली. "होपिंग टू" आणि "वुड लव्ह टू" काढून टाकलं. ती म्हणाली, "आई, यू साउंड लाइक अ कंत्राटदार, ला." इथली मुलं बोलताना शेवटी असा "ला" लावतातच. मी म्हटलं, कंत्राटदार नाही, कंत्राटदाराला कामाला लावणारी बाई.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट समोर आली, आणि ती कुठल्याच पत्रकात ठळक छापलेली नव्हती. आम्ही इथे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी आहोत, पण पासपोर्ट भारतीय. अमेरिकेतली बरीचशी मेडिकल कॉलेजं परदेशी मुलांना घेतच नाहीत. म्हणजे चार वर्षं नीट केली तरी पुढचं दार अरुंद. मी हे मुलीला जेवताना सांगितलं. लपवून काय करणार? तिने भात कालवणं थांबवलं.

"मग संपलं?" तिने विचारलं.

"संपलं कुठे? शेवटाकडून मागे मोजायचं. जहाज कधी निघायचंय ते आधी ठरवतात, मग गोदीत कधी घ्यायचं ते."

मागे मोजलं तेव्हा कळलं की पदवीधरांना घेणारं एक मेडिकल कॉलेज इथेच आहे आणि त्यांना पदवी कशात घेतली याच्याशी फारसं देणंघेणं नाही. ऑस्ट्रेलियातही अशी काही आहेत. म्हणजे चार वर्षं तिकडे आणि पुढचं इकडे, असं होऊ शकत होतं. होईलच असं नाही. पण बंद दाराकडे चालायचं नव्हतं, एवढं पुरे.

कॉलेजांकडून उत्तरं आली. काही सरळ होती. एका छोट्या कॉलेजातल्या प्रीमेड बघणाऱ्या बाईंनी पानभर लिहिलं, आकडे दिले, आमच्याकडे निम्मी मुलं पहिल्या केमिस्ट्रीनंतर सोडतात हेही लिहिलं. मला त्या बाई आवडल्या. काहींनी रंगीत पुस्तिका पाठवली. काहींनी काहीच नाही. पुस्तिकावाल्यांना आणि गप्प बसणाऱ्यांना आम्ही काढलं. एक मोठं नाव मात्र ठेवलं. त्यांनी शिफारसपत्र "निवडक विद्यार्थ्यांना" देतो असं कबूल केलं होतं, पण नवऱ्याची फार इच्छा होती. उरली नऊ. मग मुलीनेच एक नियम घातला. यादीतलं सगळ्यात खालचं कॉलेज असं हवं की तेवढं एकच मिळालं तरी आनंदाने जाईन. त्या नियमाने माझ्या आवडीचं एक गेलं आणि तिच्या आवडीचं एक आलं. पानभर पत्र लिहिणाऱ्या बाईंचं कॉलेज राहिलं.

सल्लागार बाईंचं सांगायचं राहिलं. पैसे भरून आम्ही एक सल्लागार बाई लावल्या होत्या, ठाण्याच्या, बोलायला गोड. नऊ कॉलेजं त्यांना कमी वाटली, पण खरी हरकत वेगळीच होती. अर्जावर इच्छित विषय लिहायचा असतो. त्यांचं म्हणणं, बायोलॉजी लिहा. इतिहास आणि मेडिसिन एकत्र दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं मुलीचं काही ठरलेलं नाही. आत गेल्यावर विषय बदलता येतो, सगळे तसंच करतात. त्यांनी निबंधही वळवून ठेवला होता. सेंट जॉन्स बेट गायब, त्या जागी एका दवाखान्यात घालवलेल्या दोन आठवड्यांचं वर्णन.

नवरा टँकरवर चीफ इंजिनिअर आहे. त्या वेळी तो आखातातल्या फुजैरा बंदराबाहेर नांगर टाकून होता, दोन दिवस फोनला रेंज होती. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बायोलॉजी लिहायला काय जातंय? एक शब्द तर आहे."

"बोट तपासायला आलेल्या सर्व्हेयरला तू खोटं लॉगबुक दाखवतोस का?"

"नाही," तो म्हणाला.

"तिथेही एक शब्दच असतो ना," मी म्हटलं.

"ते वेगळं आहे."

"कसं वेगळं, ते सांग."

तो म्हणाला, पोरीला विचार. पोरीला विचारायची गरज नव्हती. ती बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने फोन घेतला आणि तिच्या मराठीत, जी इंग्रजीतून चालत येते, बाबाला म्हणाली, "बाबा, जर बायोलॉजी लिहून मला घेतलं, तर त्यांनी मला नाही घेतलं. दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. मग मी तिथे जाऊन काय करू?"

अर्जावर इतिहास लिहिला. खाली प्रीमेड हेही लिहिलं. निबंधात बेट परत आलं. सल्लागार बाईंना मी कळवलं की पुढचं आमचं आम्ही बघू. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही रिस्क घेताय." मी म्हटलं, हो.

नोव्हेंबरात तिची इथली परीक्षा चालू होती. सकाळी पेपर, दुपारी निबंध. मी डबा देत होते, बाकी काही करण्यासारखं नव्हतं.

मार्चअखेर उत्तरं आली. नऊपैकी पाच नकार. एक प्रतीक्षा यादी. तीन होकार. त्यात ते मोठं नाव होतं आणि पानभर पत्रवाल्या बाईंचं कॉलेजही होतं, ज्या गावी विमान बदलून बदलून जावं लागतं. दोघांनीही चांगली मदत देऊ केली होती. नवरा तेव्हा सुट्टीवर घरी होता. मोठं नाव त्याने दोनदा मोठ्याने वाचलं. त्याला दोष देत नाही. त्याच्या बोटीवरच्या स्वयंपाक्यालाही ते नाव माहीत असेल.

मुलीने दोन्ही कॉलेजांची उत्तरं समोर ठेवली. एकाने तिसऱ्या प्रश्नाला लिहिलं होतं, निवडक विद्यार्थ्यांना. दुसऱ्याने लिहिलं होतं, मागेल त्या प्रत्येकाला, आणि जे चांगलं नाही तेही स्पष्ट लिहू.

"मी इतिहासवाली असणार," ती म्हणाली. "निवडक कोणाला म्हणणार ते? मला नाही म्हणणार."

नवऱ्याने मोठ्या नावाचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग त्याने विचारलं, त्या बाईंच्या गावी बर्फ किती पडतो. म्हणजे झालं.

मोठ्या नावाला तिने स्वतः नकार कळवला. तीन ओळींचा, आभार मानून. मी वाचला, एक शब्दही कापला नाही.

आठवड्याने सल्लागार बाईंचा फोन आला. बातमी कुठून तरी पोचली होती. अभिनंदन झालं. मग म्हणाल्या, त्यांच्या यंदाच्या माहितीपत्रकात मुलांना कुठे कुठे प्रवेश मिळाला त्याची यादी असते, तर ते मोठं नाव टाकायचं होतं. सुरुवात त्यांच्याकडेच झाली होती ना.

"ती तिथे जात नाहीये," मी म्हटलं.

"हो, पण मिळालं तर होतं ना ताई."

"जाते आहे ते टाका. विषयासकट. इतिहास, प्रीमेड."

त्या म्हणाल्या, "ते कॉलेज लोकांना माहीत नाही हो."

"मग दोन ओळी जास्त लिहा," मी म्हटलं आणि कॉलेजाच्या नावाचं स्पेलिंग त्यांना सावकाश, एकेक अक्षर करून सांगितलं.