दार चुकवून जाणारी टोपली

पनवेलजवळच्या एका पोलीस लायनीत आम्ही राहायला गेलो, तेव्हा स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती. माझा नवरा शिपाई. खोल्या एकाला एक चिकटलेल्या. पलीकडे कुणी कांदा चिरला की इकडे माझ्या डोळ्यांत पाणी. मला ते आवडायचं. मी बडबडी आणि तोंडाची फटकळ, मला माणसं लागतात. भिंतीपलीकडची शेजारीण तर सख्ख्या बहिणीसारखी होती. माझ्या पहिल्या बाळंतपणात दाई येईपर्यंत सगळं तिनंच निभावलं.

लायनीत एक रीत होती. कुणी सस्पेंड झाला की दर सोमवारी त्याच्या घरासाठी टोपली फिरायची आणि प्रत्येक दारातून मूठभर तांदूळ तिच्यात पडायचे. तो कशापायी सस्पेंड झाला, हे मात्र विचारायचं नाही. मी कितीदा तरी मूठ घातली, आणि मला त्याचा अभिमानच होता. आपल्या माणसांना आपण नाही सांभाळायचं तर कुणी? पण ती टोपली तांदळाबरोबर आपलं तोंडही बांधून नेते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग ते कातकऱ्याचं झालं. त्याची बायको लायनीत मोळ्या विकायला यायची. कुणाच्या तरी बागेतले नारळ चोरल्याच्या संशयावरून त्याला चौकीवर आणलं, आणि शेजारणीच्या नवऱ्यानं दंडुक्यानं त्याचा हात मोडला. तेव्हा पहाऱ्यावर आमचे हे होते.

अलिबागहून मोठे साहेब चौकशीला येणार असं कळल्यावर सगळ्या शिपायांनी मिळून ठरवलं, कातकरी पायरीवरून पडला म्हणायचं. शेजारीण रडत माझ्याकडे आली. "अगं, भावोजींना समजाव. माझी पोरं उघड्यावर येतील."

संध्याकाळी हे गणवेशाच्या पायपट्ट्या सोडत बसले होते. मी म्हटलं, "सगळे म्हणतायत तर तुम्हीही म्हणा ना, पडला म्हणून."

"मी त्याला पाणी पाजलं," हे म्हणाले. "त्याला लोटी धरवेना, म्हणून मीच तोंडाला लावली. पडला कसं म्हणू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. यांनी साहेबांना खरं ते सांगितलं. शेजारी सस्पेंड झाला.

पुढच्या सोमवारी टोपली निघाली. मी मूठ भरून दारात उभी. टोपली घेतलेली बाई आमच्या अलीकडच्या दारात थांबली, हसून बोलली, आणि आमचं दार ओलांडून थेट पुढच्या दाराशी गेली. "अहो, माझी मूठ राहिली!" मी ओरडले. कुणी मागे वळून पाहिलं नाही. मुठीतला तांदूळ घामानं ओला झाला होता. तो परत डब्यात टाकताना मला रडूच कोसळलं.

पण मीही हट्टी. दर सोमवारी मूठ भरून उभी राहायची, आणि दर सोमवारी टोपली दार चुकवून जायची. विहिरीवर मी पोचले की गप्पा थांबायच्या. भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं आणि मी इकडे भांड्यांशी बोलत बसायचे. त्या दिवसांत माझ्याशी बोलायला यायची ती फक्त कातकरीण.

"बाई, सायबानं काय केलं? माज्या घरवाल्याचा हात सरल व्हत नाय. कामाला कोन घेल?"

"होईल गं, न्याय होईल," मी ठासून सांगायचे. मला खरंच तसं वाटत होतं.

एका दुपारी कडी वाजली. दारात शेजारीण, हातात झाकलेलं ताट. अगं बाई! मला इतका आनंद झाला की काही विचारायचंही सुचलं नाही. "ये, ये, बस," म्हणत पाट मांडला, चहाला आधण ठेवलं. कधी एकदा सगळं बोलते असं झालं होतं मला.

तिनं ताटावरचं फडकं काढलं. पेढे होते. "यांना परत कामावर घेतलं गं. एकट्या भावोजींच्या शब्दावर काय होतंय? झालं गेलं विसरून जाऊ."

माझा हात ताटाकडे गेला होता, तो तिथेच थांबला. म्हटलं, "आधी त्या कातकरणीच्या झोपडीत पेढा नेऊन दे. तिनं घेतला तर मग माझ्याकडे आण."

ती उठली, ताट झाकलं आणि गेली. आधण उकळत राहिलं.

हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं, अगदी ताठ मानेनं. वाटलं, शाबासकी मिळेल. यांनी भिंतीकडे बघितलं. पलीकडे माणसांची वर्दळ होती, पेढे वाटणं चाललं होतं.

"पेढा घ्यायचा होतास गं," हे म्हणाले. "चौकीवर माझ्याशी कुणी अवाक्षर बोलत नाही. निदान तुझ्याशी तरी कुणी बोललं असतं."