‘अंगावर काढू नका’ सांगणाऱ्या शुभदाताई

डॉ. शुभदाताईंना मी प्रथम पाहिले ते वाकोल्याला, आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला. वाण देऊन झाल्यावर ‘डॉक्टरबाई दोन शब्द बोलतील’ असे कुणीतरी जाहीर केले. ताईंनी माईक हातात घेतला आणि त्या थेट मुद्द्यावर आल्या. “पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तरी अंगावर काढू नका.”

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मंडळाच्या अध्यक्षीणबाई पुढे वाकून कुजबुजल्या, “मॅडम, जरा सांभाळून. पुरुषमंडळी दारात उभी आहेत.”

“मग त्यांना आत बोलवा ना,” ताई म्हणाल्या. “त्यांच्याच घरातल्या बायकांचं चाललंय.”

माझ्या सासूबाई तरातरा उठल्या आणि मला ओढतच घरी घेऊन आल्या. वाटभर त्यांची बडबड चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “गो, त्या डाक्तरीणबाईचो दवाखानो खंय आसा?” त्या खाली बघून म्हणाल्या, “माका परत अंगार जाता, रगात दिसता. कोणाक सांगा नको.”

तो गर्भाशयाचा कर्करोग होता, पण वेळेत सापडला. शस्त्रक्रिया झाली आणि सासूबाई बऱ्या झाल्या. तपासताना ताईंनी त्यांना पिशवीचे चित्र काढून दाखवले. काय काढणार आणि का काढणार, हे त्यांना स्वतःला उमगेपर्यंत सांगितले. मी शेजारी बसून त्यांचे मालवणी ताईंना समजावत होते. निघताना ताई मला म्हणाल्या, “तुझ्याशी बायका मोकळेपणी बोलतील. बैठकांना माझ्याबरोबर येत जा.” तेव्हापासून मी जात आहे.

ताईंना स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाही. वर्सोव्याच्या प्रसंगानंतर तर मुळीच नाही. तिथली एक मासळी विकणारी बाई दवाखान्यात आली तेव्हा छातीतली गाठ फुटून जखम झाली होती. वर्षभर ती पदराआड लपवत होती. ती वाचली नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिचा मुलगा रडत म्हणाला, “आय आमाला काय बोललीच नाय.”

ताईंनी विचारले, “तुम्ही कधी विचारलंत?”

परतताना रिक्षात त्या एकदम म्हणाल्या, “आपण नुसत्या बायकांनाच शिकवत बसलो गं. चुकलंच.”

पुढच्याच आठवड्यात ताई वर्सोव्याच्या खाडीकाठी जाळी विणत बसलेल्या पुरुषांसमोर जाऊन बसल्या. ‘स्तन’ हा शब्द ऐकताच एकेक जण उठून गेला. ताई तिथेच बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या, आणि त्यानंतरही जात राहिल्या. मग एके दिवशी तोच मुलगा येऊन समोर बसला आणि उठणाऱ्यांना म्हणाला, “बसा रे. माझी आय लाजंपायी गेली.” ते बसले. आता त्या वस्तीतले नवरे बायकोला तपासणीला स्वतः घेऊन येतात. सगळे नव्हे, काही जण. ही ‘सगळे नव्हे’ची टोचणी ताईंना सतत असते, आणि हल्ली ती मलाही लागली आहे. परवा बोरीवलीच्या एका सोसायटीत शिकलेली, नोकरी करणारी मुलगी मला कोपऱ्यात घेऊन ‘छातीत गाठ लागतेय, कुठे दाखवू?’ असे कुजबुजत विचारत होती. घरी परतल्यावर कितीतरी वेळ मला चैन पडले नाही.

पंच्याहत्तरीच्या सत्काराचे सांगायला गेलो, तर ताई म्हणाल्या, “शाल नको. तेवढ्या वेळात वाकोल्यात एक बैठक लावा.” गेले वर्षभर त्या स्वतःचा गुडघा दुखत असताना जिने चढत आहेत. दाखवायला चला म्हटले की म्हणतात, “बघू गं, सवड मिळाली की.”

ताई, आम्हा सर्वांना तुम्ही पुष्कळ वर्षे, धडधाकट हव्या आहात. विश्रांती घ्या असे म्हणून उपयोग नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून इतकेच सांगते: सोमवारी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी न्यायला येते, तयार राहा.