फ्रेंडमधला आर

जॅकी डॉड्सच्या आठवणीसाठी ठेवलेल्या बाकावरची पाटी मी बिघडवली. सहा इंच बाय तीन इंच, पितळेची, चार स्क्रूंची. मजकूर मोबाइलवर टाइप केला तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात सॉसेजचा पाव होता. त्या गडबडीत 'फ्रेंड'मधला आर गळला. आर गेला की फ्रेंडचा होतो 'फीन्ड'. म्हणजे मित्राचा सरळ सैतान. कोरणारा प्रामाणिक माणूस. त्याने जे आलं ते कोरलं, आणि फार सुबक कोरलं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता भाजी पिकवणाऱ्या आमच्या लीक क्लबची चाळीस माणसं बाकाभोवती जमली. बेलमावशीने, म्हणजे इझाबेल रॉब्सनने, कापड ओढलं. पाटीवर होतं: 'जॅकी डॉड्स, फीन्ड. इझाबेल रॉब्सनकडून.'

सगळ्यांनी पुढे वाकून वाचलं. मग टॉमी मिलबर्न हळूच म्हणाला, "छत्तीस वर्षं लागली, पण मनातलं बोलली बाई."

आणि चाळीसच्या चाळीस माणसं हसत सुटली.

मला मात्र जमिनीत जावंसं वाटलं. कारण 'फ्रेंड' हा शब्द काढायला बेलमावशीला किती जड गेलं होतं, ते एकट्या मला ठाऊक होतं.

बेलमावशी एक्क्याऐंशीची. सव्वीस वर्षं तिने जिल्ह्याच्या फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली. खेड्यात वाचक यायला उशीर झाला की ती गाडीतला मोठा शब्दकोश वाचत बसायची. तीनदा संपवला म्हणते. उरलेलं आयुष्य तिने लीकला वाहिलं. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा पैलवान भाऊ. आमच्याकडे खाणी होत्या तेव्हाही लीक होते, खाणी बंद झाल्या तरी आहेत. सप्टेंबरच्या प्रदर्शनात ज्याचा लीक पहिला, तो वर्षभर चर्चमध्येही जरा पुढे बसतो.

सत्त्याऐंशी साली बेलमावशीचा लीक पहिला येणार, हे नक्की होतं. शेजारच्या वाफ्यातल्या जॅकीने हरकत घेतली की पानाला चीर आहे. पंचांनी भिंग लावलं. चीर निघाली. लीक बाद.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. म्हणजे बोलायची रोज, पण मधे मला, क्लबच्या सेक्रेटरीला, उभं करून.

"सेक्रेटरी, त्या डॉड्सला सांग, त्याचं कबूतर माझ्या कोबीवर बसलंय."

"सेक्रेटरी, बाईंना सांग, कबूतर माझं आहे. आवड त्याची स्वतःची आहे."

दोघांत अंतर दहा फूट. मी निरोप पोचवायचो, कारण न पोचवला तर दोघं मिळून माझ्यावर उखडायची.

मग एका उन्हाळ्यात बेलमावशीचं खुब्याचं हाड मोडलं. सात आठवडे ती घरात अडकली. परत आली तेव्हा तिचे लीक टवटवीत, आणि वाफ्याच्या मातीत बुटांचे ठसे. उजवा नीट उमटलेला, डावा फरफटलेला. खाणीत पाय चेचल्यापासून डावा पाय ओढत चालणारा माणूस आमच्याकडे एकच होता. तिने ठसे बघितले, फावड्याने माती सारखी केली आणि त्या वर्षी जॅकीच्या लीकवर हरकत घेतली.

"मावशी, त्याने पाणी घातलं ना तुमच्या लीकना," मी म्हणालो.

"म्हणून काय त्याच्या पानाची चीर बुजते?"

यंदा फेब्रुवारीत जॅकी गेला. मार्चमध्ये बेलमावशी माझ्या दारात उभी, हातात चिठ्ठी. "बाकावर हे घाल. तोंडाने एकदाही म्हणाले नाही. निदान पितळेत असू दे." चिठ्ठीत चारदा खोडून लिहिलेला तो एक शब्द. आणि मी तो सॉसेजबरोबर खाल्ला.

लोक पांगल्यावर मी तिच्याजवळ गेलो. ती बाकावर बसली होती, पाटी रुमालाने पुसत.

"मावशी, आठवड्यात नवी पाटी आणतो. चूक माझी आहे."

"ते कळलंच. दुसरं कोण करणार?" ती म्हणाली. "बस इथे. फीन्ड म्हणजे काय, सांग."

"सैतान."

"ते मधलं झालं. आधी त्याचा अर्थ नुसता द्वेष करणारा. शत्रू. फ्रेंड म्हणजे प्रेम करणारा, फीन्ड म्हणजे द्वेष करणारा, हजार वर्षांपूर्वी दोन्ही एकाच साच्यातून निघालेले. मग पाद्र्यांनी हा शब्द उचलून सैतानाला चिकटवला. साध्या शत्रूला फ्रेंचांकडून दुसरा शब्द आणावा लागला."

"आणि आता?"

"पुढे अमेरिकेत अफूच्या नादी लागलेल्यांना फीन्ड म्हणायला लागले. एखाद्या गोष्टीशिवाय ज्याचं चालत नाही, तो. तिथून उतरत उतरत चहापर्यंत आला. टॉमी मिलबर्न दिवसाला अकरा कप पितो, त्याला तुम्ही काय म्हणता?"

"टी फीन्ड."

"त्यात कुणी कुणाचा द्वेष करतो का?"

मी नाही म्हणालो. तिने रुमालाची घडी करून तो बाहीत खोचला. डोळे जरा ओले वाटले, पण आमच्याकडे वारा फार.

"तरी पाटी बदलू ना, मावशी?" मी विचारलं. "लोक यातला कुठला अर्थ घेतील, सांगता येत नाही. तुमच्या आणि जॅकीच्या बाबतीत खरा कुठला धरायचा?"

"सगळे. ओळीने."