अक्काची लेकरं

दुपारी जेवून कॉटवर आडवी होते, पण डोळा लागत नाही. उद्या सकाळी ट्रस्टची नोंदणी आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या अकरा अनाथ लेकरांसाठी नगरच्या आमच्या चर्चमधल्या नऊ जणांनी काढलेली संस्था, आणि तिची अध्यक्ष मी, एस्तेर अमोलिक, निवृत्त शिक्षिका. जिनं अजून समुद्र ओलांडलेला नाही. ही लेकरं सांभाळली माझ्या थोरल्या बहिणीनं. अक्का तिथल्या मिशन दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स होती. मार्चमध्ये ती गेली.

पंख्याचा आवाज लांब लांब जातो.

मी चर्चमध्ये आहे. बाकं रिकामी. समोर वेदीपाशी अक्का ताटं विसळतेय, जणू तिथं कायमच नळ असतो.

"अक्का, तू तर..."

"हो. हे ताट धर."

ताट घेऊन वळते तर बाकं नाहीत. लाल मातीची लांब ओसरी आहे, आणि एका मच्छरदाणीखाली लेकरं झोपलीत.

"किती आहेत?" अक्का विचारते.

"अकरा. अर्जात तसंच लिहिलंय."

"मोज बघू."

मी मोजते. नऊ. परत मोजते, बारा. कुणी कूस बदलतं, कुणी दुसऱ्याच्या पाठीआड सरकतं.

"संस्थेला तुझं नाव देतोय, अक्का."

"माझं नाव कशाला? ताप चढल्यावर लेकरू काय संस्थेला हाक मारणार?"

"मग मी काय करू? एकसष्ट वय झालं माझं. तिथली भाषा येत नाही मला."

अक्का पदराला हात पुसते आणि माझ्या पायांशी खाली बसते. ती काय करतेय ते मी बघत नाही, कारण मच्छरदाणीत एक मुलगी उठून बसलीय. सहा-सात वर्षांची असेल. अक्कानं शिकवलेल्या मराठीत ती विचारते, "तू राहणार की जाणार?"

मी तोंड उघडते. आवाज फुटत नाही. मुलगी वाट बघते. मग एकेक करून सगळीच उठून बसतात आणि माझ्याकडं बघत राहतात.

"अगं, बोल ना," अक्का खालून म्हणते.

दचकून जाग येते. पाठ घामानं भिजलीय. माझ्याकडं राहणारी भावाची लेक, रूथ, चहा घेऊन उभी आहे आणि माझ्या पायांकडं बघतेय.

"आत्या, कुठं निघालीस?"

माझ्या दोन्ही पायांत बाहेरच्या सँडल आहेत. पट्टे बक्कलात नीट अडकवलेले. गुडघ्यांमुळं मला इतकं खाली वाकताच येत नाही. रोज रूथच लावून देते.

"मी नाही हं लावले," ती हळूच म्हणते.

मी पाय खाली सोडते, उभी राहते.

"रूथ, पासपोर्टला काय काय कागद लागतात गं?"