दुसऱ्या कंपनीचा गव्हर्नर

रेडी बंदरात मी लाँचचा ड्रायव्हर होतो, तेव्हाची गोष्ट. समुद्रात नांगरलेल्या बोटीवर खनिज भरायला जाणाऱ्या कामगारांना सकाळी न्यायचं आणि दुपारी परत आणायचं, हे माझं काम. हंगाम सुरू झाला आणि इंजिनाचा गव्हर्नर मोडला. इंजिनाला तेल किती सोडायचं, म्हणजे ते किती जोरात पळणार, हे ठरवणारा तो भाग. आमच्या इंजिनावर आमचाच गव्हर्नर बसवा, असं इंजिन बनवणाऱ्या कंपनीने बजावलं होतं. तो मुंबईहून यायला तीन महिने लागणार होते.

लाँचचा मालक थांबायला तयार नव्हता. शिरोड्याच्या एका बंद भातगिरणीत दुसऱ्याच कंपनीचं इंजिन पडून होतं. त्याचा गव्हर्नर काढून बसवा, म्हणाला. आमचे मेस्त्री साठीला आलेले, ख्रिश्चन, गोव्याच्या गोदीत काम शिकलेले. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला. त्याला कंपनीचं शिशाचं सील होतं. आत काय कसं जुळवलंय ते सील तोडल्याशिवाय दिसणार नव्हतं, आणि तोडलं तर पुन्हा तसं जुळेल याची खात्री नव्हती.

"ह्येका गिरणीची सवय आसा," ते मला म्हणाले. "एकाच गतीन चलाची. दर्यात तसां चलाचां नाय."

"मग मालकाक सांगा."

"सांगलंय."

त्यांनी लोखंडी पट्टी घडवली, दांडा जोडला आणि गव्हर्नर बसवला. इंजिन आधीपेक्षाही बरं चालू लागलं. मालक खूश झाला. चार-पाच दिवसांनी मला वेगळं काही जाणवू लागलं. वेगाची दांडी मागे घेतली की इंजिन मंदावायचं, आणि मग मी हात न लावता हळूहळू वर चढायचं. जरा वेळाने आपणच खाली यायचं. रोज थोडं जास्त. मी कुणाला काही बोललो नाही. एकदा कामगारांतल्या एका बाईने विचारलं, "आज येवडी घाई कित्याक रे?" मी हसलो. दांडी तेव्हा पार मागे होती.

तीन आठवड्यांनी मेस्त्रींना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते लाँचवर आले आणि इंजिनाशेजारी बसून ऐकत राहिले. जाताना काही झालं नाही. परतताना खाडीच्या तोंडाशी, जिथे दोन्ही बाजूंना खडक आहेत, मी वेग कमी करायला दांडी ओढली आणि इंजिन भडकलं. मेस्त्रींनी तेलाचा कॉक बंद केला. नळीत उरलेल्या तेलावर ते पळतच राहिलं. गियर सोडला असता तर ओझं उतरून इंजिन आणखी भडकून फुटलं असतं. मागे कामगार एकमेकांना धरून बसले होते.

"तू सुकाणू धर," मेस्त्री म्हणाले. "हय बघू नको."

त्यांनी अंगातला सदरा काढला आणि हवेच्या नळीच्या तोंडात कोंबला. इंजिन घुसमटून बंद पडलं. लाँच एका खडकाला घासून थांबली, एक फळी फुटली. माणसं सगळी वाचली. मी वळून पाहिलं तेव्हा मेस्त्री डावा हात पोटाशी धरून बसले होते. सदरा कोंबताना तोल सावरायला गेले तेव्हा तो इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात गेला होता. दोन बोटं गेली.

इंजिनाच्या कंपनीचा माणूस मुंबईहून चौकशीला आला. मालक ऑफिसात त्याला म्हणाला, "मेस्त्रींनी तो गव्हर्नर परस्पर बसवला. मला कल्पना नव्हती."

त्या माणसाने मला विचारलं, "तुम्हाला आधी काही जाणवलं होतं का?"

मालक माझ्याकडे पाहत होता. "नाही साहेब," मी म्हणालो.

मेस्त्री बाकावर बसले होते, हात फडक्यात बांधलेला. "चूक माझी आहे," ते शुद्ध मराठीत म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्यांना कामावरून काढलं. ते गोव्यात बहिणीकडे राहायला गेले. त्यांना भेटून काय बोलायचं ते ठरवून मी दोनदा गोव्याच्या काठाला नेणाऱ्या तेरेखोलच्या तरीपर्यंत गेलो. दुसऱ्या खेपेला तर होडीतही बसलो होतो. होडी सुटायच्या आधी उतरलो.