हायपोच्या नळीतली हवा

पाटसचा मच्छिंद्र दौंडकडच्या एका कारखान्यात सांडपाणी साफ करतो. तिथल्या पाण्यात आर्सेनिक असतं. आधी त्यात हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण सोडायचं, मग फेरिक, म्हणजे लोखंडाचा क्षार. फेरिकचा तांबूस गाळ आर्सेनिक धरून तळाशी बसतो. हायपो चुकलं तर बरंचसं आर्सेनिक पाण्यातच राहतं, आणि पाणी मात्र तितकंच नितळ दिसतं. हे सगळं त्यानंच सम्राटला शिकवलं, अगदी हाताला धरून.

दिवाळीत सम्राट इन्चार्ज झाला. मच्छिंद्रनं पेढा खाल्ला. गोड लागला नाही.

तेव्हापासून त्याला सम्राटचं काहीच बघवेना. नवे बूट, टेबल, फोनवरचं हळू बोलणं. सगळ्यात जास्त टोचायचं ते त्याचं ‘आप्पा’ म्हणणं. पोरगं अजून तितक्याच मानानं हाक मारायचं. उर्मट झालं असतं, तर राग तरी नीट धरता आला असता.

एका दुपारी साहेब पाहुणे घेऊन आले. सम्राटनं टाकीतलं पाणी काचेच्या भांड्यात भरून उन्हात धरलं.

“वा!” पाहुणे म्हणाले.

मच्छिंद्रची नजर हायपोच्या पंपाकडे गेली. पंप चालू होता, पण नळीत हवा अडकली होती. हायपो पुढे सरकतच नव्हतं. सम्राटचं तिकडे लक्ष नव्हतं.

संध्याकाळी नमुना तपासणीला जाणार होता. आपण फक्त गप्प बसायचं. मग त्याचं इन्चार्जपद कुठं राहतंय! मच्छिंद्रला आतून गार वाटलं. तो चहाला निघाला.

कुंपणाशी नकुशी उभी होती. साफ केलेलं पाणी ती झाडांना द्यायची. पायात चप्पल नव्हती.

“आप्पा, सोडू का पानी?”

तो दोन पावलं पुढे गेला. मग थांबला.

“न्हाई! हात लावू नगंस. हो बाजूला.”

तो धावत मागे आला. झाडांकडचा व्हॉल्व्ह बंद केला, पाणी पहिल्या टाकीत वळवलं, नळीतली हवा काढली. मागे साहेब येऊन उभे.

“काय झालं?”

“हायपो जात नव्हतं. पानी मागं घेतलंय.”

सम्राटचा चेहरा उतरला. “चूक माझी, साहेब. मी बघितलंच नाही. आप्पांमुळं वाचलो.”

साहेब पाहुण्यांकडे वळले. “बघितलंत? चूक लपवत नाही. म्हणून तर याला इन्चार्ज केला.”

पाहुण्यांनी सम्राटशी हात मिळवला. मच्छिंद्रचे हात हायपोनं ओले होते. ते कुणी मागितलेही नाहीत.

सगळे गेल्यावर सम्राट जवळ आला.

“आप्पा, चला, चहा घिऊ.”

“तुझ्या सायबाला पाज.”

“तुम्ही नसता तर आज माझं काय खरं नव्हतं.”

“व्हय. घरीच ऱ्हायला पायजे हुतं मी.”

सम्राट खळखळून हसला. त्याला ती थट्टा वाटली.